पंख्याची साक्ष

पंखा फिरत होता आणि पडद्यावर त्याचा वेग शून्य दिसत होता. यंत्राच्या मागच्या जाळीजवळ हात नेला की वारा तळव्याला लागत होता, कान जवळ नेला की घरघर स्पष्ट ऐकू येत होती, आणि तरीही ज्या फाइलमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, पंख्याचे दर मिनिटाचे फेरे दाखवतो ती फाइल कितीही वेळा वाचली तरी एकच अंक परत येत होता. त्या संध्याकाळी मी एका ड्रायव्हरची, म्हणजे पंखा सांभाळणाऱ्या चिपशी कर्नलच्या वतीने बोलणाऱ्या प्रोग्रॅमची, चाचणी घ्यायला बसले होते. ड्रायव्हर माझा नव्हता. तो ज्याने लिहिला त्याच्याकडे त्या चिपची माहितीपत्रिका होती, पण माझ्याजवळ होते तसे यंत्र नव्हते. त्यामुळे लिहिणे त्याच्याकडे आणि तपासणे माझ्याकडे अशी कामाची वाटणी आपोआप झाली होती.

यंत्र म्हणजे चार डिस्क बसणारी, नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची एक छोटी पेटी. निर्मात्याने तिच्यासाठी अद्ययावत सॉफ्टवेअर देणे कधीच थांबवले होते, पण पेटी मात्र ठणठणीत होती, म्हणून मी तिच्यावर साधे लिनक्स चढवले. डिस्क ओळखल्या गेल्या, नेटवर्क सुरू झाले, दिवेसुद्धा लागले. राहिला होता तो पंखा. मदरबोर्डवरची पंख्याचा वेग सांभाळणारी चिप त्या वेळच्या कर्नलला ठाऊकच नव्हती, त्यामुळे वीज लागताना चिप ज्या अवस्थेत जागी होईल त्याच अवस्थेत पंखा दिवसरात्र पूर्ण जोराने फिरत राही. एखाद्याला वाटेल की मग बिघडले कुठे, डिस्क थंड तर राहतात. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर शक्ती एक अष्टमांश पुरते, आणि आवाज ढोबळ हिशेबाने १५ डेसिबलने उतरतो. कारण नसताना सतत पूर्ण वेगाने फिरवलेल्या पंख्याचे बेअरिंगही लवकर झिजते. एका डिस्कला काम करताना साधारण ५ ते ८ वॅट लागतात. म्हणजे चार डिस्कांची मिळून पंचवीस-तीस वॅटची उष्णता बाहेर काढायची असते, आणि तेवढ्यासाठी बहुतेक वेळ संथ वारा पुरतो.

उष्णतेची भीती किती बाळगावी याबद्दल मी बराच विचार केला आहे. गूगलमधील संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदींवरून एक निबंध प्रसिद्ध केला होता, आणि त्यात तापमान व डिस्क बिघडणे यांचे नाते लोक समजतात तेवढे घट्ट आढळले नव्हते. उलट थंड राहिलेल्या डिस्कांमध्ये बिघाडाचे प्रमाण जास्त दिसले होते, आणि उष्णतेचा तोटा ठळक होत होता तो तापमानाच्या अगदी वरच्या टोकाला. हा निष्कर्ष मला पंख्याच्या बाबतीत दिलासा देणारा आणि सावध करणारा असा दोन्ही वाटतो. डिस्क ३५ अंशांवर ठेवायची की ४२ अंशांवर, याचा घोर लावून घेण्याचे कारण नाही. मात्र बंदिस्त पेटीतला पंखा थांबला आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर डिस्क त्याच वरच्या टोकाकडे सरकू लागतात. म्हणून वेग अगदी काटेकोर राखला जातो की नाही याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व होते. पंखा थांबला तर ड्रायव्हर ते खरे सांगेल का, हा माझा पहिला प्रश्न होता.

लिनक्समध्ये अशा चिपांचे ड्रायव्हर हार्डवेअर मॉनिटरिंगच्या विभागात मोडतात, आणि त्यांनी बाहेरच्या जगाशी कसे बोलायचे याचे संकेत ठरलेले आहेत. प्रत्येक राशीसाठी एक छोटी फाइल असते. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते, म्हणजे ४१ अंश हे ४१००० असे दिसतात. पंख्याचा वेग दर मिनिटाच्या फेऱ्यांत येतो. पंख्याला किती जोर द्यायचा ते ० ते २५५ या पट्टीवर लिहायचे असते, आणि नियंत्रण कोणाच्या हाती आहे हे सांगणारी फाइल वेगळी असते: तिच्यात ० असेल तर नियंत्रण नाही आणि पंखा पूर्ण वेगाने, १ असेल तर वापरणारा सांगेल तसे, २ किंवा अधिक असेल तर चिपच्या स्वतःच्या मर्जीने. ही शिस्त मला फार आवडते. तिच्यामुळे वरचा प्रोग्रॅम कोणत्या चिपशी बोलतो आहे हे त्याला कळण्याची गरजच उरत नाही. पण त्याच शिस्तीमुळे ड्रायव्हरने जो आकडा दिला तो वरचे सगळे डोळे मिटून खरा मानतात.

चाचणीच्या आधीची तयारी कंटाळवाणी असते, आणि ती टाळू नये एवढेच तिच्याबद्दल सांगते. डिस्कांवरच्या माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवली. मदरबोर्डवरच्या सिरियल पिनांना वायर जोडली, म्हणजे नेटवर्क गेले तरी यंत्राशी बोलता यावे. दर दहा सेकंदांनी डिस्कांचे तापमान वाचणारा आणि कोणतीही डिस्क ५० अंशांवर गेली की पंख्याच्या फाइलमध्ये २५५ लिहिणारा एक छोटा प्रोग्रॅम सुरू ठेवला. २०२० सालच्या ५.६ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये डिस्कांचे तापमान दाखवणारा ड्राइव्हटेम्प नावाचा ड्रायव्हर आला आहे. त्यामुळे डिस्कची उष्णता आणि पंख्याचा वेग एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने वाचता येतात, आणि अशा कामात ती मोठीच सोय होते.

मग पायऱ्या. २५५ वर सुरुवात करायची, दर वेळी पाचने खाली यायचे, प्रत्येक पायरीवर वीस सेकंद थांबायचे आणि वेग वहीत लिहायचा. थांबणे आवश्यक असते, कारण पात्यांना जडत्व असते आणि चिपचे मोजमापही तेवढे तत्पर नसते; घाईने वाचलेला आकडा मागच्या पायरीचा असू शकतो. तळाला पोहोचल्यावर त्याच पायऱ्यांनी वर चढायचे, कारण फिरता पंखा ज्या जोरावर फिरत राहतो त्याच जोरावर थांबलेला पंखा सुरू होतोच असे नाही. त्याला ढकलून उठवायला जास्त जोर लागतो. एलएम-सेन्सर्स या प्रोग्रॅमसंचातल्या, पंख्याचा वेग सांभाळणाऱ्या फॅनकंट्रोल या प्रोग्रॅममध्ये सुरू होण्याची आणि थांबण्याची किमान पातळी वेगवेगळी लिहावी लागते ती याच कारणाने.

पहिल्या अठरा-एकोणीस पायऱ्या निर्विघ्न उतरल्या. वरच्या टोकाला २,९०८ फेरे, मग २,४५७, मग २,१३७, मग १,९६६. पुढच्या पायरीला शून्य. मी वहीत त्या पायरीसमोर ‘पंखा थांबला’ असे लिहिलेसुद्धा, आणि हीच याची थांबण्याची पातळी असे समजून पुढच्या कामाला लागणार होते. एकोणीसशे फेऱ्यांवरून पंखा एकाएकी थांबेल कसा, एवढीच एक शंका मनात आली म्हणून हात मागे नेला. वारा लागत होता. अगदी ९० च्या पायरीपर्यंत खाली गेले तरी लागत होता, आणि पडद्यावरचे शून्य हलायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी मी यंत्रावर निर्मात्याचे जुने सॉफ्टवेअर सुरू केले, पंखा व्यवस्थित चालतो हे पाहिले, आणि तिथूनच वीज न काढता थेट रीबूट करून पुन्हा लिनक्समध्ये आले. तीच ९० ची पायरी लावली. या वेळी वेग आला २,३९७. काल शून्य, आज दोन हजार तीनशे सत्त्याण्णव. ड्रायव्हर तोच, पंखा तोच, लिहिलेला आकडा तोच. वीज पूर्ण काढून, मिनिटभर थांबून पुन्हा सुरू केले तर परत शून्य. या दोन उत्तरांपैकी शून्य उघडच खोटे होते. दुसरे मात्र विश्वास बसावा असे होते, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली. पहिल्या दिवशीच यंत्र त्या अवस्थेत असते तर मी समाधानाने सगळे आकडे टिपून घेतले असते; वरच्या टोकाला ५,७८२ असा आकडा आला असता तेव्हा कदाचित भुवई उंचावली असती, पण खालच्या पायऱ्यांवर काहीच खटकले नसते.

पंख्याकडून ड्रायव्हरला जे कळते ते फार थोडे असते. चार वायरींच्या पंख्यात एक वायर जमिनीची, एक १२ व्होल्टची, एकीवरून पंख्याला जोर किती ते कळवले जाते आणि उरलेल्या एकीवरून पंखा आपल्या फेऱ्यांचे स्पंद परत पाठवतो. जोर कळवणारा संकेत सेकंदाला साधारण २५,००० वेळा चालू-बंद होतो. ही वारंवारता माणसाच्या श्रवणशक्तीपलीकडची निवडली आहे, म्हणजे त्या चालू-बंद होण्याची शिटी कानाला लागू नये. उलट दिशेने पंखा दर फेरीला दोन स्पंद देतो. माझ्या यंत्रातली चिप हे स्पंद मोजत नाही. ती स्पंदाचा अर्धा काळ किती लांबला हे स्वतःच्या घड्याळाने मोजते. घड्याळ सेकंदाला ३२,७६८ ठोके देणारे, म्हणजे हातातल्या क्वार्ट्झ घड्याळात असते तसेच. पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला वीस, म्हणजे एक फेरी ५० मिलिसेकंदांची, एक स्पंद २५ मिलिसेकंदांचा आणि त्याचा अर्धा भाग साडेबारा मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात घड्याळाचे ४०९ ठोके पडतात.

आणि चिपचे रजिस्टर, म्हणजे मोजलेला आकडा ठेवण्याची तिची जागा, आठ बिटांचे आहे. त्यात २५५ पेक्षा मोठी संख्या मावतच नाही.

इथे सगळा उलगडा दडलेला होता. पंखा जितका संथ तितका मोजलेला आकडा मोठा, आणि २५५ ला पोहोचला की चिप तिथेच अडकते. ड्रायव्हर २५५ चा अर्थ ‘पंखा थांबला’ असा लावतो, आणि तसा तो लावणे योग्यच आहे, कारण खरोखर थांबलेला पंखाही तोच आकडा देतो. ९,८३,०४० या संख्येला मोजलेल्या आकड्याने आणि दोन स्पंदांनी भागले की वेग मिळतो. तेव्हा या हिशेबात साधारण १,९३० फेऱ्यांच्या खालचा कोणताही पंखा मृत ठरतो. माझा पंखा १,९६६ पर्यंत जिवंत आणि पुढच्या पायरीला मृत का झाला, हे त्या एका भागाकाराने समजले.

चिप घडवणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती आणि तिच्यावर उपायही ठेवला होता: घड्याळाच्या ठोक्यांना दोनने, चारने किंवा आठने भागणारा एक विभाजक. विभाजक दोन ठेवला तर ४०९ ऐवजी २०५ मोजले जातात आणि संथ पंखा रजिस्टरात मावतो. फक्त मग वेग काढतानाही दोनने भागायला हवे. जुने सॉफ्टवेअर सुरू होताना विभाजक दोन लावत असणार, रीबूट होताना चिपची वीज जात नसल्यामुळे ती तोच विभाजक धरून बसत असणार, आणि नवा ड्रायव्हर मात्र विभाजक एकच आहे असे गृहीत धरून हिशेब करत असणार, असा माझा अंदाज झाला. २०५ वरून एकच्या हिशेबाने २,३९७ येतात आणि दोनच्या हिशेबाने १,१९८. आकडे तंतोतंत जुळत होते.

तरीही तो अंदाजच होता. आकड्याची तपासणी त्याच आकड्याच्या आधारे करणे मला पटत नव्हते; चिपशी काहीही संबंध नसलेला, चिपच्या हिशेबावर अवलंबून नसलेला एक दुसरा साक्षीदार हवा होता. प्रकाशाने फेरे मोजणारे उपकरण माझ्याकडे नव्हते. आवाज होता.

पंख्याचे प्रत्येक पाते चौकटीच्या आधाराच्या दांड्याजवळून जाताना हवेला एक हलका धक्का देते. पाती सात असतील आणि पंखा सेकंदाला वीस फेरे घेत असेल तर असे १४० धक्के बसतात, आणि १४० हर्ट्झचा एक मंद स्वर तयार होतो. पंखा खरोखर २,३९७ वर फिरत असता तर तोच स्वर २८० हर्ट्झचा असता, म्हणजे बरोबर एका सप्तकाने वर. दोन शक्यतांमध्ये पूर्ण सप्तकाचे अंतर! एवढ्या अंतराचा निवाडा साध्या मोबाइलच्या मायक्रोफोनलाही करता येतो.

अडचण एकच होती. डिस्कही गातात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते आणि १२० हर्ट्झचा गुंजारव करते, आणि चार डिस्क एका पत्र्याच्या पेटीत बसल्या की तो गुंजारव पेटीही उचलून धरते; १४० चा मंद स्वर त्याच्या शेजारीच बुडून जातो. म्हणून डिस्क झोपवणे भाग होते. माझी लिनक्सची प्रत यूएसबीवर होती, त्यामुळे ते शक्य होते. पण तापमान वाचणारा प्रोग्रॅमही थांबवावा लागला, कारण काही डिस्क तापमान विचारल्यानेसुद्धा आपला झोपेचा काळ नव्याने मोजू लागतात. डिस्क एकामागून एक थांबल्या. एवढे दिवस ज्याला मी पंख्याचा आवाज समजत होते त्याचा मोठा हिस्सा डिस्कांचा होता, हे त्या शांततेत कळले, आणि उरलेला जो बारीक, गोल, सलग स्वर होता तो पंख्याचा.

मोबाइल जाळीपासून एका बाजूला ठेवला, वाऱ्याचा झोत थेट त्याच्यावर येणार नाही असा, नाही तर वाऱ्याचीच फडफड सगळीकडे भरते. ध्वनीच्या आलेखावर १४० च्या जागी एक टोकदार सुळका उभा राहिला. २८० ला त्याहून कितीतरी बुटका, आणि ४२० ला आणखी बुटका. हे दोन पहिल्याचेच स्वरावयव. पायरी थोडी वर नेली तर तिन्ही सुळके एकत्र उजवीकडे सरकले. पंखा १,२०० च्या आसपासच फिरत होता, आणि ड्रायव्हर त्याचा वेग दुप्पट सांगत होता. मग चिपचे रजिस्टर आयटूसीच्या, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या, मार्गाने थेट वाचले. जुन्या सॉफ्टवेअरनंतर विभाजकाच्या बिटांत दोन होते, वीज काढून सुरू केल्यावर एक. दोन्ही खोट्या उत्तरांचे मूळ एकच निघाले: ड्रायव्हरने चिपला ‘तू कोणत्या हिशेबाने मोजतेस’ हे कधी विचारलेच नव्हते.

यात लेखकाचा निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. माहितीपत्रिकेत वीज लागल्यानंतर प्रत्येक रजिस्टरात काय असते ते छापलेले असते, आणि समोर यंत्र नसलेल्या माणसाने त्यावर विसंबावे हे स्वाभाविक आहे. पण यंत्र क्वचितच त्या कोऱ्या अवस्थेत ड्रायव्हरच्या हाती येते. त्याच्या आधी प्रणाली सुरू करून देणारा बूटलोडर येऊन गेलेला असतो, कधी दुसरी प्रणाली येऊन गेलेली असते, कधी ड्रायव्हरचीच आधीची फेरी झालेली असते, आणि प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवलेले असते. त्याच्याही मनात ही शंका आली असणार. तिला पुरावा मिळायला माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावरचे यंत्र लागते, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे यायचे होते. मी पंख्याचा कनेक्टर उपसला. विभाजक दोन असलेल्या अवस्थेत दोन सेकंदांत वेग २,३९७ वरून शून्यावर आला आणि पंखा थांबल्याचा इशारा देणाऱ्या धोक्याच्या फाइलमध्ये ० चे १ झाले. आकडा खोटा असला तरी पंखा गेल्याची बातमी खरी मिळाली. विभाजक एक असलेल्या अवस्थेत, त्याच ९० च्या पायरीवर, कनेक्टर उपसण्याआधी शून्य होते आणि उपसल्यानंतरही शून्यच राहिले. धोक्याची खूण आधीपासूनच वर होती, ती वरच राहिली. जिवंत आणि मृत पंख्याची साक्ष अक्षर न अक्षर सारखी होती. वहीत मी या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. अशा यंत्राचा मालक पहिले दोन-चार दिवस शून्य पाहील, हात लावून वारा येतो याची खात्री करून घेईल, मग तो इशारा कायमचा बंद करून टाकेल. आणि वर्षा-दोन वर्षांनी बेअरिंग खरोखर अडकेल तेव्हा त्याला सांगणारे कोणीच उरलेले नसेल.

राहिली शेवटची चाचणी, आणि तिच्याविषयी मला सर्वांत जास्त कुतूहल होते. पंख्यावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम मेला तर काय होते? फॅनकंट्रोलला सभ्यपणे थांबायला सांगितले तर तो जाताना पंखा स्वयंचलित नियंत्रणाकडे किंवा पूर्ण वेगाकडे सोपवून जातो. पण कर्नलने त्याला कोणताही निरोप न देता ठार केले, उदाहरणार्थ मेमरी संपल्यामुळे, तर त्याला निरवानिरव करायला सवड मिळत नाही. चिपला शेवटचे जे सांगितले होते तेच ती करत राहते. मी नेमके तेच केले: डिस्कांवर पूर्ण पडताळणी सुरू केली, म्हणजे चारही डिस्क सलग वाचत राहतील, पंखा संथ असताना फॅनकंट्रोलला निरोपाविना मारले आणि तापमान वाचणारा माझा राखणदार प्रोग्रॅम चालू ठेवून पाहत बसले. डिस्कांचे तापमान पाऊण तासात ३९ वरून ५० ला गेले आणि राखणदाराने पंखा पूर्ण सोडला. राखणदार नसता तर ते कुठपर्यंत चढले असते हे पाहण्याची माझी तयारी नव्हती.

अशा वेळी वॉचडॉग, म्हणजे अडकलेले यंत्र आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय, यंत्र रीबूट करेल असे म्हणता येईल, पण रीबूटने चिपची वीज जात नाही हे आधीच दिसले होते. विभाजकासारखाच तिने पंख्याचा संथ वेगही सांभाळून ठेवलेला असतो. म्हणजे यंत्र गरम झाले, अडकले, पुन्हा सुरू झाले आणि सुरू होताना डिस्कांच्या पडताळणीला लागले, तरी पंखा त्याच संथपणे फिरत राहणार, जोवर कोणी तरी येऊन त्याला नवे सांगत नाही. ड्रायव्हरने चिप हाती घेताना तिची अवस्था आहे तशी राखावी की पंखा आधी पूर्ण वेगाला न्यावा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आहे ते न बिघडवण्याच्या तत्त्वाला मान आहे, आणि काही यंत्रांत बूटलोडरने विचारपूर्वक लावलेला वेग असतो हेही खरे. माझे मत मात्र स्पष्ट आहे: ड्रायव्हरचे मॉड्यूल कर्नलमधून काढून टाकताना तरी पंखा पूर्ण वेगाकडे जावा, कारण त्यानंतर त्याच्याकडे पाहणारे कोणी राहणार नाही हे त्या क्षणी ड्रायव्हरला नक्की ठाऊक असते.

हे सगळे मी लेखकाला सविस्तर लिहिले: दोन्ही अवस्थांतले आकडे, रजिस्टरांतली बिटे, ध्वनीचा आलेख, कनेक्टर उपसण्याचा प्रयोग. पॅचची, म्हणजे कर्नलमध्ये घालायच्या त्याच्या बदलाची, दुसरी आवृत्ती चार दिवसांत आली. तीत ड्रायव्हर सुरू होतानाच विभाजक चिपमधून वाचत होता, तो बदलण्यासाठी वेगळी फाइल देत होता आणि मॉड्यूल निघताना पंखा पूर्ण सोडत होता. मी पुन्हा पहिल्यापासून सगळे केले. पायऱ्या उतरले, चढले. या वेळी खरी थांबण्याची पातळी सापडली, ४५. आणि थांबलेला पंखा उठायला ७० लागले. वीज काढून सुरू केले, विभाजक दोन लावला, ९० वर १,१९८. जुन्या सॉफ्टवेअरमधून थेट आले, ९० वर १,१९८. डिस्क पुन्हा झोपवल्या आणि मोबाइल पुन्हा त्याच जागी ठेवला. सुळका १४० वरच होता.

कर्नलच्या जगात पॅचखाली ‘टेस्टेड-बाय’ अशी एक ओळ घालून चाचणी करणाऱ्याचे नाव लिहिण्याची रीत आहे. कर्नलच्या दस्तऐवजात तिचा अर्थ सांगताना चाचणी ‘कुठल्या तरी परिस्थितीत’ यशस्वी झाली असे मोजके शब्द वापरले आहेत, आणि ते शब्द मला फार प्रामाणिक वाटतात. माझी परिस्थिती एक होती: एक पेटी, एक सात पात्यांचा पंखा, विभाजकाचे एक आणि दोन. जिथे तो ड्रायव्हर पुढे चालणार होता त्या पेट्या मी कधी पाहणार नव्हते, त्यांच्या डिस्कांवर कोणाची छायाचित्रे आहेत, कोणाचे वर्षांचे काम आहे, हे मला कळणार नव्हते. म्हणून नावाच्या आधी मी तीन ओळी लिहिल्या. विभाजक चार आणि आठ असताना तपासलेले नाही. तीन वायरींच्या पंख्याने तपासलेले नाही. ५० अंशांच्या वर तपासलेले नाही. मग नाव लिहिले, पत्र पाठवले, आणि उपसलेल्या स्क्रूंची वाटी घेऊन पेटीचे झाकण लावायला बसले.